सेहऱ्यातली नावं

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४
नांदेड

दिवाळीचा फराळ संपला, पाहुणे गेले, आणि मी कोश पुन्हा उघडला. 'मराठवाडी बोलीतले उर्दू शब्द'. आठ वर्षं चाललंय हे काम. लातूरचे प्रकाशक मल्लिनाथ फोन केला की नमस्कारसुद्धा करत नाहीत, सरळ विचारतात, "गुरुजी, कुठवर आलं?" आज त्यांना म्हणालो, स संपत आला. सदरा, सबब, सरंजाम, साबण झाले. आता सेहरा.

मुसलमानांच्या लग्नात नवरदेवाच्या कपाळाला फुलांचा हार बांधतात, तो सेहरा. त्याच्या सरी तोंडावरून पार छातीपर्यंत लोंबतात. आपल्या मुंडावळ्यांचा थोरला भाऊच म्हणायचा. तो बांधल्यावर नवरदेवापुढे उभं राहून जे गाणं वाचतात, त्यालाही सेहराच म्हणतात. हे मला ठाऊक होतं. तरी खातरजमा करायला इतवाऱ्यात महेबूबच्या दुकानी गेलो. शब्द वापरणाऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कोशात घेत नाही.

महेबूब फुलारी. त्र्याऐंशी साली जळकोटहून इथं मास्तर म्हणून आलो, तेव्हा त्याच्या दुकानावरच्या खोलीत दोन वर्षं राहिलो. माझ्या लग्नातल्या मुंडावळ्या त्यानं स्वतः ओवल्या होत्या. मी त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठा. तो मला 'गुरुजी' आणि 'तुमी' म्हणतो, मी त्याला 'अरे-तुरे' करतो. एवढ्या वर्षांत ते बदललं नाही.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. निवडणूक आली आहे. पुढाऱ्यांच्या गळ्यात क्रेननं घालायचे हार निघालेत आता, एकेक हार गल्लीएवढा. झेंडूच्या ढिगात महेबूब बसला होता.

"बरं झालं आलात. मीच येनार होतो," तो म्हणाला. "फैजानचं जमलं. पंधरा डिसेंबर. पोरगी मुरुडची हाय."

फैजान त्याचं शेंडेफळ. फ्रिज-एसी दुरुस्त करतो, गुणी मुलगा आहे. मी अभिनंदन केलं. तर म्हणाला, "नुस्तं तोंडी न्हाई. फैजानचा सेहरा तुमी ल्ह्यायचा, गुरुजी. वाचायचाबी तुमीच."

मी म्हणालो, मला कुठली शायरी येते? तर त्यानं थोरल्याच्या लग्नातली गोष्ट सांगितली. तेव्हा कुठूनसा एक शायर बोलावला होता. त्यानं खिशातून तयार सेहरा काढला आणि वाचला. नावं सगळी भलत्याच घरची. बापाच्या जागी बिलोलीचे कुणी मास्तर निघाले. "आबेदा महिनाभर बोलली न्हाई माझ्यासंगं. म्हनली, माज्या पोराचा सेहरा न् त्यात मीच न्हाई!"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो मात्र फारसा हसला नाही.

"या बारीला आपल्या मानसानं लिवलेला पायजे. मराठीतच ल्ह्या, समद्याला कळतंय. यमक बिमक न्हाई जमलं तरी चालतंय. घरातल्या एकेकाचं नाव आलं म्हंजे झालं. ह्यो माझ्या हातचा शेवटचा सेहरा हाय. बोटं बघा. सुई धरवून न्हाई राहिली."

बोटं खरंच सुजलेली होती. मी हो म्हणालो. त्यानं गल्ल्याखालून वहीचा एक लांब कागद काढून दिला. "नावं यात हायती, कोन कुनाचं लागतं तेबी. उर्दूत हाय बरं का. मला मराठी धड ल्हिता येत न्हाई. तुमाला काय, येतंच."

मी मान डोलावली. तो परत ओवायला लागला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "रुखसार चारला शाळंतून येती. काही लागलं तर तिला इचारा."

रुखसार त्याची धाकटी मुलगी, उर्दू शाळेत शिकवते. "मला काय लागणार?" असं म्हणून मी कागद खिशात घातला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कागद काढून बसलो. दुपारचे तीन तास गेले.

इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला उर्दू वाचता येत नाही. म्हणजे छापील, मोठ्या टाइपातलं, बोट ठेवून ठेवून वाचतो. खोलीवर राहायचो तेव्हा महेबूबच्या वडिलांकडे महिनाभर अलिफ-बे गिरवलं होतं, तेवढीच शिदोरी. पुढं माझ्या निवृत्तीच्या सत्कारात कुणीतरी 'उर्दूचे गाढे जाणकार' म्हणालं, दुसऱ्या दिवशी पेपरात तसंच छापून आलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही. महेबूबनं ते कात्रण दुकानात लावलं होतं. बरीच वर्षं होतं तिथं.

महेबूबचं अक्षर म्हणजे पळत सुटलेलं. नुक्ते, म्हणजे टिंबं, त्यानं जवळजवळ दिलेलीच नाहीत, आणि टिंब नसलं की त्या लिपीत ब कोणता न् त कोणता, कसं कळणार? पहिली ओळ लागली, कारण 'महेबूब' त्याच्या दुकानाच्या पाटीवर आहे. दुसरी ओळ श नं सुरू होते, त्यामुळे कुणीतरी शेख असावेत. खाली एकोणीस ओळी. त्यातलं 'आबेदा' मी अंदाजानं ओळखलं.

चष्म्याचा नंबर बदलला असेल. दवाखान्यात जाऊन यायला हवं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज फार आनंदात आहे. सेहऱ्याचं मूळ सापडलं!

लोक सांगतात की फारसीत 'से' म्हणजे तीन, म्हणून तीन हारांचा तो सेहरा. मला हे पहिल्यापासून पटत नव्हतं. शब्द मुळात आपल्याकडचाच आहे. संस्कृत शेखर, म्हणजे डोक्यावर घालायची फुलांची माळ. प्राकृतात ख चा ह झाला, श चा स झाला, सेहर. पुढं आ लागला, सेहरा. मुख चं मुह, मग मुँह, तसंच हे. उर्दूत पुल्लिंगी. अनेकवचन सेहरे. बांधतात, वाचतात, आणि लिहितात असं न म्हणता 'सेहरा कहना' असं म्हणतात.

उज्वलाला उत्साहानं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "छान. महेबूबभाईंचा लिहून झाला का पण?"

"मूळ कळल्याशिवाय कसा लिहायचा?" मी म्हणालो.

"फैजानला मूळ नकोय हो, सेहरा हवाय."

बायकोला संशोधनाची किंमत नसते, हे लग्नाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी नव्यानं कळत नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

महेबूबकडे गेलो होतो. प्रचार आज संपतोय, त्यामुळे शेवटच्या मिरवणुकांची घाई. त्याला शेखरची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली त्यानं, सुई चालूच.

"म्हंजे लई जुना हाय म्हना की शब्द," म्हणाला. "आमचे अब्बा सांगायचे, सेहरा काढला असं कधी म्हनू न्हाई. वाढवला म्हनायचं."

मी उडालोच. आपणही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. मी तिथंच वहीत टिपून घेतलं. मग विचारलं, वाढवलेल्या सेहऱ्याचं काय करतात?

"वलीमा झाला, पोराकडचं जेवन उरकलं की दुसऱ्या दिवशी गंगेत सोडायचा, आपल्या गोदावरीत. कचऱ्यात टाकत न्हाईत. एकदा वाढवला की संपलं, पुन्यांदा कुनाला बांधत न्हाईत." मग दोरा ओढून: "नावं लागली का समदी?"

"लागली की," मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते कसं निघून गेलं कळलं नाही. त्यानं सुई थांबवून वर पाहिलं. मग म्हणाला, "रुखसार आज घरीच हाय. विलेक्शनची सुट्टी. वर जाऊन बसा, च्या प्या."

मी घाई आहे म्हणालो. काही घाई नव्हती. हा माणूस दर वेळी रुखसारचं काय काढतो, तेच कळत नाही. पोरीला माझ्याकडून कोशाचं काम मिळावं, असं त्याच्या मनात असेल.

रविवार, २४ नोव्हेंबर

निकाल लागला. काल गावभर गुलाल, आज रस्त्याच्या कडेला तुडवलेला झेंडू. महेबूबचे हार तिकडेच गेले.

उज्वलानं आज पकडलं. टेबलावर तो कागद होता, शेजारी लहान मुलांसाठीची उर्दू अंकलिपी. ती दोन कप चहा घेऊन आली आणि समोर बसली.

"अहो, तुम्हाला वाचता येत नाही ना हे?"

मी म्हणालो, अक्षर वाईट आहे.

"मग रुखसारकडून घ्या की वाचून. पाच मिनिटांचं काम."

"आणि काय सांगू तिला? आठ वर्षं उर्दू शब्दांचा कोश करतोय आणि तुझ्या बापानं लिहिलेली नावं वाचता येत नाहीत म्हणून?"

"हो. तेच सांगा."

मी चिडलो. पेन्शनर माणसाला एक मान उरलेला असतो, तोही घरच्यांना बघवत नाही, असलं काहीबाही बोललो. ती कप घेऊन आत गेली. चहा मी प्यालो नव्हता, तोही ती घेऊन गेली.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आबेदाभाभी पत्रिका द्यायला आल्या. सोबत रुखसार. उज्वलानं खणानारळाची तयारी केली होती, त्यांनी आपला मिठाईचा डबा काढला. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

भाभी मला म्हणाल्या, "गुरुजी, मुरुडात समद्या येऊन राहिल्यात. ह्यांची मोठी बहीन हैदराबादहून येती, चालवत न्हाई तिला, तरी. मी समद्याला सांगून ठेवलंय, या बारीला गुरुजी नाव घेनार, मराठीत घेनार. माझं जरा मोठ्यानं घ्या हो. मागल्या बारीला राह्यलं."

मी हसलो. हो हो म्हणालो.

रुखसार खुर्चीच्या कडेला बसली होती. जाताना दारात थांबली. "गुरुजी, अब्बांचं अक्षर लई खराब हाय. माझ्याच्यानंबी लागत न्हाई कधी कधी. तुम्हाला काही अडलं तर…"

उज्वला माझ्याकडे बघत होती. म्हणूनच बहुधा मी म्हणालो, "नाही गं. व्यवस्थित लागतंय."

रविवार, ८ डिसेंबर

आठवडा राहिला. आज नावांशिवाय सेहरा लिहून पाहिला. 'फुलांच्या सरी, चंद्र मुखावरी' असल्या आठ ओळी झाल्या. वाचल्यावर माझीच मला लाज वाटली. कुणाच्याही लग्नात चालेल असा झालाय. त्या शायराच्या खिशातून निघाला असता तर कुणाला फरक कळला नसता.

मग सेहरा शब्दाची टिपणं पूर्ण केली. तेरा पानं झाली. ती मात्र सुंदर उतरली आहेत. मल्लिनाथांना फोनवर वाचून दाखवली, ते म्हणाले, गुरुजी, हा स्वतंत्र लेखच आहे. तेव्हाच विचार आला. सगळ्यांना ऐकण्यासारखी गोष्ट आहे ही. एकाच फुलांच्या माळेला आपण शेखर म्हणालो, हे सेहरा म्हणाले. लग्नात याच्याइतकं शोभणारं दुसरं काय वाचणार? सेहऱ्यावरच तर आहे. महेबूबला आवडेलच.

टिपणं करता करता कागद संपले म्हणून थोडं त्याच्या यादीच्या पाठीवर लिहिलंय. असू दे.

उज्वलाला सांगितलं नाही.

सोमवार, १६ डिसेंबर

काल मुरुडला जाऊन आलो. उज्वला अजून बोललेली नाही.

क्रमानं लिहितो. सकाळी सहाला इतवाऱ्यातून बस निघाली. महेबूब माझ्या शेजारी. मांडीवर बांबूची टोपली, त्यात ओल्या फडक्यात सेहरा. निशिगंध आणि गुलाब, मधे जरीची बारीक तार. त्यानं दोन दिवस बसून विणला होता. साडेचार तास टोपली त्यानं खाली ठेवली नाही. लातूर गेल्यावर फडक्यावर पाणी शिंपडलं आणि मला म्हणाला, "झालाय ना चांगला?" मी म्हणालो, फार छान झालाय. "तुमचा?" त्यानं विचारलं. मी पिशवीवर हात ठेवला. पिशवी जाड होती. त्यानं ती पाहिली आणि खूश झाला.

निकाह झाला, खारका वाटल्या. नवरदेवाच्या बहिणीनं सेहरा बांधला. फैजान सरींच्या आड गेला, श्वासानं तेवढी फुलं हलत होती. मग महेबूबनं माइक घेतला. "आमच्या घरचे गुरुजी आता सेहरा वाचतील." पडद्यामागं बायकांचा गलका होता, तो एकदम बंद झाला. दागिन्यांचा सुद्धा आवाज येईना.

मी तेरा पानं काढली. "सेहरा हा शब्द मुळात कुठून आला, हे आपल्याला माहीत आहे का?" अशी सुरुवात केली.

पहिल्या पानावर लोक ऐकत होते. दुसऱ्या पानावर एकमेकांकडे बघायला लागले. मी शेखरवर आलो. सेहरा हा संस्कृत शब्दाचा वंशज आहे, असं म्हणालो. तर मुलीकडचा एक तरुण मागून म्हणाला, "म्हंजे सेहराबी तुमचाच का, गुरुजी?"

काही हसले. काही हसले नाहीत, ते जास्त लागलं. आणि मी काय करावं? मी त्याला उत्तर द्यायला लागलो! "तसं नाही, व्युत्पत्तीच्या दृष्टीनं पाहिलं तर…" हे वाक्य मी भरल्या लग्नात माइकवर बोललो. लिहिताना हात थांबतोय, पण बोललो.

मग पडद्यामागून एका म्हातारीचा आवाज आला. हैदराबादची बहीण असणार. तिला काही कळलं नसावं, तिनं सहज विचारलं, "नामां कब लेते जी?"

मी पानं चाळली. जणू कुठल्यातरी पानावर नावं असतील.

महेबूब उठून आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, माइक घेतला. "गुरुजीला प्रवास बाधला. सकाळपासून पोटात अन्न न्हाई. राहिलेला सेहरा घरी वाचू. जेवायला चला समदी." सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. तो मला धरून स्टेजवरून खाली घेऊन आला, खुर्ची दिली, पाणी दिलं. बिर्याणीचं ताट त्यानं स्वतः आणून दिलं, आणि मी जेवलो.

परतीच्या बसमध्ये तो पुढच्या सीटवर होता. रिकामी टोपली त्याच्या पायाशी.

मंगळवार, १७ डिसेंबर

काल संध्याकाळी वलीमा होता. गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. उज्वला एकटी गेली. आज तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं, ते एवढंच सांगायला, "सेहरा वाढवला. सकाळी गंगेत सोडून आले."

शनिवार, २१ डिसेंबर

पाच दिवस कागदाकडे बघितलं नाही. आज चारला रुखसारच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मुलं बाहेर पडली, मागून ती आली. मला बघून जराही चकित झाली नाही.

"रुखसार, मला हे वाचता येत नाही," मी म्हणालो. बोलायला दोन सेकंद लागले. चाळीस वर्षं मी उगाच त्याची धास्ती घेतली होती.

ती मला आत वर्गात घेऊन गेली. लहान मुलांच्या बाकावर बसलो दोघं. तिनं कागद घेतला, पाठीवरचं माझं लिखाण पाहिलं, शेखर, सेहर, सेहरा, बाण काढलेले. उलटा केला आणि बोट ठेवून वाचायला लागली, लहान मुलाला वाचून दाखवतात तसं.

"महेबूब, दूल्हे के अब्बा. शेषेराव गुरुजी, दूल्हे के बडे अब्बा. आबेदा बी, अम्मा. उज्वला भाभी, बडी अम्मा…"

मी तिचं बोट धरलं. दुसरी ओळ, माझ्या नावाची. जिथं मी शेख कुणीतरी म्हणून पुढं गेलो होतो.

बापाच्या थोरल्या भावाला त्यांच्यात बडे अब्बा म्हणतात. महेबूबला तीन सख्खे भाऊ आहेत. ती नावं माझ्या खाली होती.

"थोरल्याच्या येळेसबी अब्बानं तुमचं नाव दिलं होतं," रुखसार म्हणाली. "त्या शायरनं वाचलंच न्हाई."

मी मुलांच्या त्या बाकावर रडलो. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. मग म्हणाली, "अब्बांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गुरुजी कागद घेऊन येतील, तू वाचून दाखव. हसू नको, न् कुठं बोलूबी नको. मी रोज वाट बघितली."

"म्हणजे त्याला माहीत होतं?"

"हाव. दादा, अब्बांचे अब्बा, तुम्हाला शिकवायचे तेव्हापासून माहीत हाय अब्बांना."

रविवार, २२ डिसेंबर

काल घरी आल्यावर बसलो आणि सेहरा लिहिला. दोन तासांत झाला. एकवीस नावं, प्रत्येकाला एक ओळ. आबेदाभाभींना दोन. यमकं वेडीवाकडी आहेत, पण उज्वलाला वाचून दाखवला तेव्हा तिनं डोळ्याला पदर लावला.

सकाळी दुकानात गेलो. महेबूब पाटावर बसला होता, हातात सुई नव्हती. ओवायचं काम आता थोरला बघतो. मी कागद पुढं केला. म्हणालो, "लिहिलाय. सगळ्यांना बोलाव. आज वाचतो."

त्यानं कागद घेतला. मराठी त्याला वाचता येतं, सावकाश. ओठ हलवत सगळा वाचला. आबेदाभाभींच्या ओळीशी हसला. दुसऱ्या ओळीशी थांबला होता, ते मी बघितलं. मग नीट घडी घालून मला परत दिला.

"लई चांगला उतरलाय. पन आता न्हाई वाचायचा, गुरुजी. सेहरा वाढला. डोक्यावर असतो तवाच वाचतेत."

"तुझ्या बहिणीला फोनवर तरी…"

"ती गेली हैदराबादला. सांगितलं मी तिला, गुरुजीची तब्येत बिघडली म्हनून."

मग मी बोललो. चाळीस वर्षांचं एकदम. मला वाचता येत नव्हतं, मी खोटं बोललो, तुझं अक्षर खराब नाही, मलाच येत नव्हतं.

"माहीत होतं की," तो म्हणाला. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "म्हनून तर यादी दिली. म्हनलं, तुमी इचारायला याल. रुखसार वाचंल, तुमी लिवून घ्याल. आबेदा म्हनंल, ह्याचं घाला, त्याचं घाला. चार सांजा वर बसू, च्या पिऊ. तुमी खोलीवर होता तवा बसायचो तसं. बस, एवढंच होतं माझ्या मनात. दुकान आता पोरं बघनार. म्हनलं, आपन बसू."

मी म्हणालो, आता बसू. आजच बसू.

"बसू की," तो म्हणाला. पण उठला नाही. समोर थोरला मुलगा झेंडू निवडत होता, महेबूब तिकडेच बघत राहिला. गिऱ्हाईक आलं, त्यानं देवाचा हार मागितला. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.

सोमवार, २३ डिसेंबर

मल्लिनाथांचा फोन. "गुरुजी, कुठवर आलं?" म्हणालो, सेहरा झाला, पाठवतो. ती तेरा पानं पाठवत नाही हेही सांगितलं. ते हळहळले. मुखपृष्ठावर माझ्या नावापुढं 'उर्दूचे जाणकार' घालायचं ठरलं होतं, ते काढा म्हणालो. का, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

कोशातली नोंद अशी दिली आहे:

सेहरा. पु. अनेकवचन सेहरे. १. नवरदेवाच्या कपाळाला बांधायचा फुलांचा हार. २. तो बांधल्यावर घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन वाचायचं गीत. काढला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. ज्या दिवशी बांधतात त्याच दिवशी वाचतात. नंतर वाचत नाहीत.